देवामागचं चौथं चित्र

आमचे मामंजी कुणाच्याही घरी गेले, की देवाच्या तसबिरीला हात जोडायच्या आधी ती उलटी करायचे. माणसं चिडायची. चिडणारच, देवाची पाठ कुणी बघतं का? पण त्यांचा धंदाच तसबिरींचा होता. पुढं काच, मग छापील देव, मागं रद्दी कागद आणि फळी, चार खिळे ठोकले की देव तयार. माजलगावच्या बाजारापासून चकलांब्यापर्यंत घरोघरी त्यांनीच मढवलेले देव होते. "देव पुढून समद्यांचा," ते म्हणायचे, "मागून निस्ता माझा."

त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा, पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला. मुंबईहून त्यानं गणवेशातला एक फोटो पाठवला. त्यानंतर आला तो सरकारी कागद. मुनशींनी उर्दूतला मजकूर वाचला : बोट बुडाली, शिपाई लापता. मामंजी मुनशींशी हुज्जत घालत राहिले. "लापता म्हंजी मेला न्हाई. मेला असता तर तसं लिवलं असतं." त्यांनी माझ्या बांगड्या फुटू दिल्या नाहीत. साऱ्या मुलखाच्या मेलेल्या माणसांचे फोटो मढवून देणारा हा माणूस, पण पोराचा फोटो ट्रंकेत ठेवला. "जित्या माणसाला कावून भिताडावर लटकवायचं?"

पुढं औरंगाबादच्या छावणीतून आणलेल्या रद्दीत त्यांना तीन विलायती चित्रं सापडली. पहिल्यात समुद्राच्या तळाशी आडवी पडलेली लढाऊ बोट. दुसऱ्यात डोक्यावर पितळी हंडे घातलेली माणसं तिच्या पोटाखालून साखळ्या ओवताहेत. तिसऱ्यात दोन्ही अंगांना रिकाम्या होड्या, साखळ्या ताणलेल्या, आणि पाण्याबाहेर आलेलं डोलकाठीचं टोक. शाळेच्या मास्तरांनी कोपऱ्यातलं वाचून सांगितलं, की चित्रं चार आहेत, जुन्या काळची आहेत आणि बोटही दुसरीच कुठली तरी आहे. मामंजींनी त्यातलं 'चार' तेवढं ऐकलं. चौथं गठ्ठ्यात अगदी वर असणार, आणि ते न बघताच त्यांनी कुठल्या तरी देवामागं ठोकून टाकलं होतं.

"हिरीत पडलेला बैल दोर लावून काढतो का न्हाई आपण?" ते मला समजवायचे. "तसंच हाय. एवढी मोलाची बोट सरकार सोडतंय व्हय? बोट वर आली की आतली माणसं बी येतील." त्या दिवसापासून ते गावोगाव देव उलटे करत हिंडू लागले. लोक तोंडावर वेडा म्हणायचे. काही जण दारच लावून घ्यायचे.

दोन वर्षं अशी गेली. आमच्यात पाट लागतो, विधवेचं दुसरं लग्न होतं. चकलांब्याचं एक बिजवराचं स्थळ घेऊन माझा भाऊ तीनदा आला. तिन्ही वेळा मामंजींचं एकच, "चौथं चित्र गावू द्या, मग बोलू." मला त्या बोटीचा लई राग यायचा. हळदीकुंकवाला गेले तर बायका कुजबुजायच्या, नाही गेले तर मामंजी रागवायचे. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. किती दिवस असं जगायचं बाईनं? शेवटी पिशवीत पक्कड-हातोडी टाकून मीच त्यांच्याबरोबर निघाले. सापडू दे एकदाचं, काय असेल ते असो.

सापडलं ते तलवाड्याला, एका म्हातारीच्या खंडोबामागं. ती देवाला हात लावू देईना. मामंजींनी तिचे पाय धरले. "आये, येवढ्या बारीला." मी खिळे उपसले आणि कागद बाहेर काढला. बोट वर आली होती, गाळानं माखलेली. फळ्यांवर माणसं ओळीनं आडवी ठेवलेली, डोक्यापासून पायापर्यंत कापडानं झाकलेली. भोवती गोरे शिपाई टोप्या काढून उभे होते.

मामंजी एकेका झाकलेल्या माणसावरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "हे निजल्यात का गं?"

मी म्हणाले, "न्हाई, मामा."

दोन वर्षांत आमच्या घरात कुणी बोललेलं तेवढंच खरं. त्यांनी चित्र होतं तिथंच ठेवून खंडोबा परत मढवला. वाटेत बैलगाडीत एकदाच बोलले, "बोट निगाली, पोरी. माणसं न्हाई निगाली."

अंग हाती लागलं नाही तर आमच्याकडं पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. तो मामंजींनी स्वतः बांधला. नंतर ट्रंक उघडली तर फोटो नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "दिला त्याच्यासंगट." मला विचारायचं तरी होतं! नवऱ्यासाठी रडले नव्हते एवढी मी त्या फोटोसाठी रडले. पुढं त्यांनीच माझ्या भावाला निरोप धाडला, पाट लावून दिला आणि गाडीत बसताना खंडोबाची एक तसबीर माझ्या हातात दिली. "काच फुटली तर तुझी तूच बसव. शिकलीस आता." मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ते गेल्याचा सांगावा आला.

काच फुटली ती माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नघाईत. मी पक्कड घेऊन बसले. खंडोबामागं रद्दी नव्हती. कोऱ्या पांढऱ्या कागदात गुंडाळलेला गणवेशातला फोटो होता. इतकी वर्षं मी सकाळ-संध्याकाळ त्यालाही दिवा लावत होते, आणि मनात मामंजींना बोल लावत होते.

"मागं काय निगालं गं?" आमच्या मालकांनी ओसरीवरून विचारलं.

"रद्दी," मी म्हणाले, आणि खिळे पहिल्याच भोकांत बसवले.