मॅट की डल

इंग्लंडातल्या बर्स्लेमच्या त्या चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं ॲनिस कोलक्लफच्या हातून जायचं. टिचकी मारायची, खिडकीच्या उजेडात धरायचं आणि भांड्याखालच्या फळीवर खडूने एक शब्द लिहायचा. चमक मुद्दामच दिली नसेल तर ‘मॅट’. ते भांडं दुकानात. चमक यायला हवी होती पण आली नाही, तर ‘डल’, ते फोडायचं. त्या वर्षी लंडनच्या लोकांना बिनचमकीच्या फुलदाण्यांचं वेड लागलं होतं. श्रीमंतांचे डोहाळे, दुसरं काय! एकाच घाटाच्या फुलदाण्या दोन्ही प्रकारच्या निघत.

भांडी चमक आणणाऱ्या झिलईत बुडवायचं काम तिची थोरली बहीण केझाया करायची. आई गेल्यावर ॲनिसला तिनेच वाढवलं. झिलईत शिसं असायचं, आणि शिसं अंगात भिनलं की मनगट लुळं पडतं हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हात ढिला पडला की झिलई नीट बसत नाही, आणि त्या हिवाळ्यात केझायाच्या खुणेची भांडी मलूल निघू लागली. ‘डल’ लिहिलं की बुडवणारीचा हात तपासायला डॉक्टर येणार, आणि डॉक्टर आला की काम सुटणार.

“तू मॅट लिही,” केझाया म्हणाली. “मनगटाचं माझं मी बघते. घरी बसवलंस ना, तर मी तुझी कुणी नाही, सांगून ठेवते.”

ॲनिसने ‘मॅट’ लिहिलं. आठवडा झाला, महिना उलटला. मुकादमाने एकदाही हरकत घेतली नाही, याचीच तिला जास्त भीती वाटायची.

एका रविवारी जेवताना केझायाच्या हातून ओटची पोळी निसटली. ती उचलायला गेली तर मनगट वर येईना. ती पोळीकडे बघत राहिली. ॲनिसने ती उचलून तिच्या ताटात ठेवली.

सोमवारी ॲनिसने सगळ्या फळीवर ‘डल’ लिहिलं. दुपारी डॉक्टर आला, संध्याकाळी केझाया कायमची घरी. सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय दिला, असं गल्लीभर झालं. डॉक्टरने मात्र ॲनिसला बाजूला घेऊन सांगितलं, की महिनाभर आधी कळतं तर हात वाचला असता.

पुढे कितीतरी वर्षं ॲनिस तिला चमच्याने भरवत राहिली. केझाया तोंड उघडायची ते घासापुरतं. बहिणीशी ती पुन्हा बोललीच नाही. तिचा राग ‘डल’वर होता. ॲनिसला आतून खात राहिला तो दुसरा शब्द.