घरोघरी अँटेना

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळं नोकरी लागली तेव्हा वडिलांनी पाचोडच्या आठवडी बाजारात, भाजीच्या पाटीमागं बसल्या बसल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून टाकलं, "पोरगी विमानाचं काम करती." पुढच्या रविवारपर्यंत गावात मी विमान चालवत होते. शाळेतल्या माझ्या गणिताच्या बाईंनी फोन करून विचारलं, "कुठपर्यंत चालवतेस गं?" मी म्हणाले, "बाई, मी अजून विमानात बसलेसुद्धा नाही." त्या म्हणाल्या, "हरकत नाही. आकडेमोड नीट करत जा."

काम खरं म्हणजे आकडेमोडीचंच होतं. देशातली सगळी हवाई वाहतूक नव्या पद्धतीवर आणायची, असा सरकारी आराखडा आहे. विमानं जमिनीवरच्या जुन्या यंत्रांऐवजी उपग्रहाच्या मदतीनं उतरायची. त्यासाठी प्रत्येक विमानतळाभोवती काय किती उंच आहे त्याची यादी लागते: झाड, टाकी, मोबाइलचा टॉवर, चार मजली घर. संभाजीनगरची यादी करायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीनं ते माझ्याकडं दिलं. पुंडलिकनगरच्या माझ्या भाड्याच्या खोलीतून सकाळी ऑफिसला जाताना डोक्यावरून विमान गेलं की मला उगाच वाटायचं, हे माझ्या यादीवरून चाललंय.

मोजणी मी केली नाही. ती परराज्यातून आलेल्या तिघांनी ड्रोननं केली. सकाळ-संध्याकाळच्या विमानांमधला मोकळा वेळ बघून त्यांना एका दिवसाची परवानगी मिळाली होती. ते मोजून गेले आणि महिनाभरानं माझ्या संगणकावर ठिपके आले. ठिपक्यांचीच घरं, ठिपक्यांचीच झाडं. मी एकेक वस्तू ओळखायची आणि तिचं नाव लिहायचं.

विमानतळाच्या पश्चिमेला एक वसाहत आहे. तिथल्या घरांवर मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जवळजवळ प्रत्येक गच्चीवर एक बारीक उंच दांडा, टोकाला धातूचं काहीतरी आणि त्याच्या खाली थोडा फुगवटा. नाव लिहायला पर्याय होते झाड, टॉवर, टाकी, अँटेना आणि इतर. 'इतर' लिहिलं तर प्रत्येक वस्तूसाठी वेगळा खुलासा जोडावा लागायचा. मी अँटेना लिहिलं. घरामागून घर, अँटेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला त्या वसाहतीबद्दल आदर वाटायला लागला होता.

सरांनाही वाटला. सर म्हणजे आमच्या ऑफिसचे प्रमुख, भला माणूस, चहा विचारल्याशिवाय रागावत नसत. त्यांनी अहवालात एक वाक्य वाढवलं, की या भागात बिनतारी उपकरणांची संख्या असाधारण असून उपग्रहाच्या संदेशांवर त्याचा काही परिणाम होतो का, हे तपासावं. दिल्लीच्या बैठकीत त्या वाक्याचं कौतुक झालं. एका मोठ्या साहेबांनी 'स्थानिक निरीक्षण उत्तम' असा शेरा मारला. सरांनी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना इमरती आणली.

आषाढात एक काकू ऑफिसात आल्या. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेले कागद. तीन ऑफिसं फिरून चौथ्यात आल्या होत्या, पण आवाज तापलेला नव्हता.

"यादी करणाऱ्या मॅडम कोण?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच व्हय. मला वाटलं कुणी मोठं आसंल."

त्यांच्या घरावर एक खोली वाढवायचा अर्ज नामंजूर झाला होता. कारण लिहिलं होतं, की घराची आहे तीच उंची विमानाच्या मार्गात मर्यादेबाहेर जाते, घरावर अँटेना आहे.

"आमच्याकडं डिशबी नाय," काकू म्हणाल्या. "केबल हाय, ती बी दर मंगळवारी जाती. अँटेना कुठनं आली?"

मी यादी उघडून दाखवली. आकडा होता, समोर माझीच नोंद होती.

काकू खुर्ची ओढून बसल्या आणि खरी अडचण सांगितली. मुलाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी अजिंठ्याकडची, शिकलेली, दोघांची पसंती झालेली. पण मुलीच्या मामांनी घर पाहिलं. दोन खोल्या, त्यात काकू, काका, काकूंच्या सासूबाई, नवरदेव आणि त्याचा धाकटा भाऊ. मामा म्हणाले, पोरगी निजंल कुठं? वर खोली बांधा, दिवाळीनंतर येतो, खोली बघतो आणि तिथंच सुपारी फोडतो. खोली नसली तर दुसरं स्थळ तयार आहे.

"पोरगं दोन महिन्यांपास्नं केस नीट विंचरतंय," काकू म्हणाल्या. "मला ही सून पायजे, मॅडम. तुमची अँटेना काय आसंल ती काढा."

मी त्यांना नियम समजावला. त्यांनी नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "बरं. आता गच्चीवर चला."

मी टेप घेऊन गेले. गच्चीवर कुरडयांचा साचा, एक फुटकी बादली, कठड्याला तारेचे दोन वेढे. अँटेना नव्हती. कठड्याच्या कडेला एक लांब बांबू आडवा ठेवला होता आणि त्यावर गोधडी वाळत होती.

"हा बांबू कशाचा?"

"गुढीचा. दरसाल त्योच. इथं तारेनं बांधतो."

मी बांबू मोजला. काकूंनी खालून तांब्या आणून दिला, तो टोकाला धरून पुन्हा मोजलं. यादीतला आकडा बोटभराच्या फरकानं जुळला. मग मी मोबाइलवर मोजणीची तारीख काढली. तो पाडवा होता. परगावचे तिघं पाडव्याच्या दुपारी, सगळ्या गावानं गुढ्या उभारलेल्या असताना, ड्रोन उडवून गेले होते. फुगवटा म्हणजे साडी आणि कडुलिंब. आणि मी त्या दिवशी पाचोडला घरी, आमच्याच गुढीखाली बसून, पुरणपोळी खात होते.

"तुमच्याकडं उभारत नाहीत व्हय?" काकूंनी विचारलं.

"उभारतो की."

"मग?"

मी टेप गुंडाळायला लागले. शिक्षणानं मला ठिपके ओळखायला शिकवलं होतं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

सरांना सांगायच्या आधी मी माझ्या कराराची तारीख पाहून घेतली, कारण तो दर वर्षाला नव्यानं व्हायचा. सरांनी पडद्यावरचे ठिपके मोठे करून पाहिले. "चहा सांगा," म्हणाले. चहा आला. "आमच्याकडं गुढी मीच बांधतो," ते म्हणाले. "रंगसुद्धा मीच निवडतो साडीचा." आणि मग, "आता दिल्लीला सांगायचं काय?"

"खरं तेच."

"खरं सांगायलाच तर चहा लागतोय."

दिल्लीची बैठक पडद्यावरून झाली. गुढी म्हणजे काय हे मी त्यांना हिंदीतून सांगितलं: बांबू, साडी, कडुलिंब, साखरेची गाठी, वर पालथा तांब्या. ज्यांनी कौतुकाचा शेरा मारला होता तेच साहेब लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, या वस्तूवर रात्री लाल दिवा असतो का? मी म्हणाले, रात्री ती नसते, सूर्य मावळायच्या आत उतरवतात. कोण उतरवतं? घरचेच. उतरवली याची नोंद कुठं असते? मी सरांकडं पाहिलं. सर टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखे वाकले. आणखी एका साहेबांनी सुचवलं, की दर पाडव्याला वैमानिकांना तशी सूचना द्यावी. त्यावर गंभीर चर्चा झाली. शेवटी ठरलं, की अडथळा कायमचा नसल्यानं यादीतून काढावा, पण काढण्याचा नमुना भरून पाठवावा.

नमुन्यात रकाने होते. अडथळा कोणी हटवला? मी लिहिलं, कुटुंबीयांनी. कोणत्या यंत्रानं? हातानं. हटवताना कोणती काळजी घेतली? इथं मी थांबले. सर म्हणाले, "लिहा, हळदीकुंकू वाहून." मी लिहिलं. तो रकाना रिकामा ठेवला तर नमुना परत येतो, हे सर अनुभवानं जाणत होते. प्रत्येक घरासाठी एक, असे नमुने मी पूर्ण आठवडा भरले. ते कसे कोण जाणे मंजूर होऊन आले. माझा करारही पुढच्या वर्षासाठी झाला, आणि या दोन्हींचं मला सारखंच आश्चर्य वाटतं.

काकूंना दसऱ्याआधी परवानगी मिळाली. एकच खोली, आणि तिच्यावर पाण्याची टाकी ठेवायची नाही, अशी अट होती. टाकीपुरती उंची उरत नव्हती. मला वाटलं त्या वाद घालतील. त्या म्हणाल्या, "टाकी न्हाणीच्या मागं ठिवते. सून वर ऱ्हाईली पायजे, पाण्याचं काय."

तुळशीचं लग्न लागल्यावर मुलीकडचे येणार होते. काकूंनी मलाही बोलावलं. "मामा लई चिकित्सक हाय. कागदबी दाखवते आन माणूसबी दाखवते."

खोलीला स्लॅब पडला होता, गिलावा नव्हता. विटांच्या भिंतींना नवरदेवानंच निळ्या कागदाची तोरणं लावली होती. आम्ही सतरंजीवर बसलो: मामा, मुलगी, तिचे आईवडील, काका आणि मी. मामांनी परवानगीचा कागद शिक्क्यासकट वाचला, भिंतीवर हात फिरवला, खिडकीचं माप वितीनं घेतलं. पोहे आले. आणि तेवढ्यात संध्याकाळचं विमान आलं. एवढ्या जवळून, की पोह्यांच्या ताटल्या सगळ्यांनी आपोआप हातांनी झाकल्या. बोलणं थांबलं. ते जाईपर्यंत सगळे एकमेकांकडं बघत राहिले.

"हे रोज?" मामांनी विचारलं.

"दोन-चार जात्यात," काकू म्हणाल्या. "सवय हुती."

मामा माझ्याकडं वळले. "तुम्ही विमानतळाच्या मॅडम ना? मग सांगा, ही विमानं वाढणार का?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत चार महिन्यांचं सगळं होतं. माझ्या डोळ्यांपुढं आराखड्यातलं ते पान आलं, ज्यावर विमानांची रेघ वर वर चढत जाते. 'फारशी नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण याच घराबद्दल मी आधीच एकदा चुकीचं लिहिलं होतं.

"वाढणार," मी म्हणाले. "बरीच वाढणार. आराखड्यात तसंच आहे. कदाचित दिवसभर जातील."

काकूंच्या हातातला चहाचा ट्रे जागच्या जागी थांबला. नवरदेव तोरणाकडं बघायला लागला.

"कधी?" मामा म्हणाले.

"लवकरच, असं लिहिलंय. मी नोकरीला लागले तेव्हापासून लवकरच आहे."

मामांनी पोह्यांचा घास चावून चावून संपवला. "आमच्या गावचा रस्ताबी लवकरच हाय. माझ्या लग्नाच्या आधीपास्नं." मग भाचीकडं वळून म्हणाले, "तुला जमंल का? तू इथं ऱ्हाणार, मी नाय."

मुलगी उठून खिडकीपाशी गेली. तिनं नवरदेवाला विचारलं, "उतरताना चाकं बाहेर येतात ती दिसतात का इथून?"

"दिसतात," तो म्हणाला. दिवसभरातला त्याचा तो पहिला शब्द होता. "पाठीमागच्या बाजूनं जास्त चांगली दिसतात."

"मग जमंल," ती म्हणाली.

मामांनी हात पुढं केला. "आणा सुपारी."

काकूंनी चहाचे कप सगळ्यांपुढं ठेवले. अडकित्ता खालीच राहिला होता. कोपऱ्यात गवंड्याची हातोडी होती. काकूंनी सुपारी सतरंजीबाजूच्या उघड्या जमिनीवर ठेवली, पदर खोचला आणि एका घावात फोडली. एक तुकडा उडून माझ्या चहात पडला. तो मी काढला नाही.