युरोडान्सच्या फाइलमध्ये दादाचा आवाज

अमानवीय वगैरेवर माझा विश्वास नव्हता, आजही ठेवायची इच्छा नाही. अकोल्यात एका दैनिकात उपसंपादक असताना बातमीत ‘म्हणे’ दिसले की मी ते कापत असे. म्हणून खाली घडले तेवढेच देतो.

माझा थोरला भाऊ विलासदादा. अकोल्यात टिळक रोडमागच्या गल्लीत त्याचे कॅसेट भरून देण्याचे दुकान होते, ‘मेलडी रेकॉर्डिंग’. धडधडता ठेका, बाईचा उंच स्वर, मधेच पुरुषाचे रॅप... हा युरोडान्स आम्ही पोरांनी पहिल्यांदा तिथेच ऐकला. शेजारच्या दुकानाने आपली कॅसेट उतरवून विकू नये म्हणून दादा गाण्याच्या मधे स्वतःचा आवाज टाकायचा. ठेका थांबला की आधी खाकरायचा, मग दुकानाचे नाव, मग ‘अकोला’. तेव्हा बरेच रेकॉर्डिंगवाले असे करत.

दादा अपघातात गेला तेव्हा वहिनी गरोदर होती. मुलगी झाली. पल्लवी हे नाव बारशाला आत्याने सुचवले. दुकान गेले, कॅसेट पुसून दुसऱ्यांनी वापरल्या. घरात दादाचा आवाज उरला नाही. पल्लवीने तो कधी ऐकलाच नव्हता.

आता आम्ही सगळे अमरावतीत असतो. यंदा मी चांगला प्लेअर आणि हेडफोन घेतले. तीच जुनी गाणी लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनीतले काहीही न गाळलेली, ऐकायची होती. रविवारी दुपारी एक गाणे लावले. ठेका थांबला. कुणीतरी खाकरले. मग — “पल्लवी रेकॉर्डिंग, अकोला.”

पुन्हा लावले. तेच. आवाज दादाचा.

पहिला संशय: कुणीतरी जुन्या कॅसेटवरून फाइल बनवून विकली असावी. पण कॅसेटची खरखर अजिबात नव्हती, आणि गाणे दादा गेल्यानंतर निघालेले. दुसरा संशय पल्लवीवर. गाणी तिनेच विकत घेऊन प्लेअरमध्ये भरली होती, आणि लग्नाच्या व्हिडिओंना आवाज जोडणे हेच तिचे काम. मी तेच गाणे स्वतः पुन्हा विकत घेतले. त्यात आवाज नव्हता. संशय पक्का झाला. तिला बोलावून विचारले.

“काका, मी कायले करू असं?”

“त्यात तुहं नाव हाय.”

“आवाज बनवाले नमुना लागते. कोनाजवळ हाय? माह्याजवळ असता तर रोज ऐकला नसता काय?” तिने हात पुढे केला. “आना, ऐकू द्या.”

मी प्लेअर दिला नाही. बापाचा आवाज म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा काही ऐकणार, आणि ते नकली निघाले तर?

“तुमाले साऱ्यात बातमीच दिसते,” म्हणाली आणि चहा न घेता गेली.

मी अकोल्याला हनीफभाईंकडे गेलो. दादाच्या शेजारचे दुकानदार ते हेच. आता मोबाइलची कव्हरे विकतात. काही न सांगता त्यांच्या कानाला हेडफोन लावले.

“अबे, हा तर विलास! त्याचं खाकरनं आयक ना. मले चिडवाले मुद्दाम करे. माह्या साऱ्या कॉप्या खराब केल्या यानं...” हसता हसता ते थांबले. “पन या नावाचं दुकान कधी होतं?”

नव्हते.

पल्लवीला पुन्हा बोलावले. “आवाज तुह्या बाबाचाच हाय,” मी म्हणालो. “कसा आला, मले माहीत नाई.” ते आजही माहीत नाही.

तिने हेडफोन लावले. मी तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होतो. संशय अजून गेला नव्हता. खोटे करणाऱ्याला ती जागा कधी येणार हे ठाऊक असते, तो आधीच सावरून बसतो. ती गाण्यावर पाय हलवत होती. ठेका थांबला. तिने झटकन मागे दाराकडे पाहिले आणि हाक आल्यावर देतात तशी मोठ्याने ओ दिली.