पिवळ्या पट्ट्यावरची गाडी

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टाइम ऑफिसला लागले. वय एकवीस. ऑफिसात बाई मी एकटीच. माझं टेबल गेटकडच्या खिडकीपाशी होतं, म्हणून हजेरीच्या कार्डांबरोबर पार्किंगचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात पडलं.

गेटपासून पेंट शॉपपर्यंतच्या रस्त्याच्या कडेला पिवळे पट्टे मारले होते. आग लागली तर बंब सरळ आत जायला हवा, म्हणून तिथे काहीही उभं करायचं नाही. पट्ट्यावर सायकल दिसली की वॉचमन ती उचलून जाळीच्या शेडमध्ये कुलूपबंद करत. कामगार त्या शेडला कोंडवाडा म्हणत. दोन दिवस सायकल आत. तिसऱ्या दिवशी रजिस्टरात सही केली की मिळायची. तोवर निगडी, चिखलीकडची माणसं वाट तुडवत घरी जात.

हे ज्यांच्या हुकमानं चाले ते सिक्युरिटीचे प्रमुख. फौजेतून आलेले, चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातले. सगळे त्यांना हवालदार म्हणत, मी काका म्हणायची. संध्याकाळी ते खिडकीशी येऊन सायकलींच्या बिल्ल्यांचे नंबर सांगायचे आणि मी लिहायची. कोणाची गयावया त्यांनी कधी ऐकलेली मी पाहिली नाही.

एकदा पहिल्या शिफ्टच्या वेळी एका फिटरची सायकल धरली गेली. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून त्यानं घाईत ती पट्ट्यावर टेकवली होती. तो बराच वेळ विनवत राहिला. मग एकदम गेटच्या पायरीकडे बोट करून म्हणाला, "आणि तुमची मोपेड, हवालदार? ती कशावर उभी आहे?"

मी खिडकीतून पाहिलं. मोपेड पिवळ्या पट्ट्यावरच होती. ती रोज तिथेच असायची. मी ती रोज पाहत होते आणि मला ती एकदाही दिसली नव्हती.

"मी ड्यूटीवर हाय," हवालदार म्हणाले.

"मी काय जत्रेला आलोय?" फिटर म्हणाला आणि आत निघून गेला.

त्या संध्याकाळी हवालदारांनी चार नंबर सांगितले. ते गेल्यावर मी खाली पाचवा लिहिला, त्यांच्या मोपेडचा. नोकरीला लागून मला सहा महिनेही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रजिस्टर मागितलं. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिले. त्यांनी एका वॉचमनला हाक मारली आणि म्हणाले, "ही गाडी आत घाल."

वॉचमनला वाटलं, चेष्टा चाललीय. तो हसला. हवालदारांनी स्वतः मोपेड ढकलत कोंडवाड्यात नेली, कुलूप लावलं आणि परत येऊन गेटवर उभे राहिले. संध्याकाळी ते चिखलीच्या रस्त्याला चालत निघाले तेव्हा कोणीतरी मागून शिट्टी मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढच्या दिवशी ते आले तेव्हा उजवा पाय ओढत होते. आमच्या शिपायानं मला सांगितलं की पासष्टच्या लढाईत त्यांच्या गुडघ्याला गोळी लागली होती. सायकल स्टँड कंपाउंडच्या पार टोकाला, तिथून गेटपर्यंत चालून वर आठ तास उभं राहणं त्यांना जमत नसे. म्हणून मोपेड पायरीशी.

जेवणाची सुट्टी झाली. डबा तसाच झाकून मी गेटवर गेले.

"काका, मला हे ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर लिवलं नसतं?"

मी मोकळ्या पायरीकडे पाहू लागले.

"मंग त्या फिटरच्या घरचं तरी तुमाला काय ठाऊक हाय?" ते म्हणाले. "मलाबी न्हाई. जा, जेवून घ्या."

तिसऱ्या दिवशी त्यांनी सही करून गाडी सोडवली, आणि तेव्हापासून ती टोकाच्या स्टँडवर लावू लागले. लंगडत येत, लंगडत जात. कामगारांची कुजबूज थांबली. मला वाटलं, हे प्रकरण इथे संपलं.

आठवडाभरानं ते संध्याकाळी खिडकीशी आले. दोन सायकली सांगितल्या आणि मग म्हणाले, "मोठ्या सायबांची मोटार लिवा."

वर्क्स मॅनेजरांची काळी मोटार पेंट शॉपच्या तोंडाशी, पट्ट्यांच्या मधोमध उभी असायची. सगळ्या कंपनीला माहीत होतं. तिथे झाडाची सावली पडायची.

"काका, ती कशी लिहिणार?"

"माझी लिवली तशीच. इतकी वर्सं मीबी बघत हुतो. स्वतःची काढली, तवा ती डोळ्यात खुपाया लागली."

मी पेनाला टोपण लावलं. घरी आजारी वडील आणि दोन धाकट्या बहिणी होत्या, हे खरं आहे. पण त्या क्षणी मला त्यांची आठवणही झाली नव्हती. मी नुसती घाबरले होते. हवालदारांनी खिशातून पेन्सिल काढून वाकड्या अक्षरात स्वतःच नंबर लिहिला.

मोटार कोंडवाड्यात मावणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच लागली, तेव्हा त्यांनी मागच्या चाकातून साखळी ओवून ती लोखंडी खांबाला बांधली आणि कुलूप घातलं. सुटणारी शिफ्ट आणि येणारी शिफ्ट, दोन्ही रस्त्यात थबकल्या. मॅनेजर बाहेर आले, साखळीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "किल्ली?"

हवालदारांनी सॅल्यूट ठोकला आणि रजिस्टर पुढे धरलं. "सही करा, सायेब. कोंडवाड्यात मावत न्हाई, म्हून दोन दिस न्हाई धरत."

मॅनेजरांनी सही केली. हसले, हवालदारांच्या खांद्यावर थाप मारली आणि गाडीत बसून गेले. मागे टाळ्या पडल्या. मी थक्क होऊन बघत राहिले. वाटलं, बघा, किती मोठा माणूस, आणि मी उगीच भ्याले.

सोमवारी हवालदारांच्या हातात कागद पडला. चाकणला कंपनीचं गोदाम होतं, तिथे रात्रपाळीचा वॉचमन म्हणून बदली. प्रमुखाचा वॉचमन. तो कागद माझ्याच टाइपरायटरवर टाइप झाला होता, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. अडकणारा 'र' मी लगेच ओळखला.

त्यांच्या जागी एक तरुण गृहस्थ आले. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली स्कूटर पायरीशी, पट्ट्यावर लावली. मी नंबर लिहिला. दुसऱ्या दिवशी ते पान रजिस्टरात नव्हतं. मी पुन्हा लिहिला, पुन्हा पान गेलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर मला वर बोलावलं आणि सांगितलं, "पार्किंग हा टाइम ऑफिसचा विषय नाही." रजिस्टर माझ्या टेबलावरून उचललं गेलं. कोंडवाड्यात सायकली मात्र पडत राहिल्या.

एका रविवारी मी एसटीनं चाकणला गेले. हवालदार गोदामामागच्या खोलीत राहत होते, खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मला पाहून त्यांनी घाईनं धोतर खाली ओढलं. काय काय झालं ते मी सांगितलं. मॅनेजरांची मोटार मी लिहिली नाही, हेही पहिल्यांदा तोंडानं म्हटलं.

त्यांनी तेलाची वाटी खाटेखाली सारली. मग विचारलं, "स्कूटर किती येळा लिवली?"

"तीनदा."

त्यांनी स्टोव्हला पंप मारला आणि चहाचं आधण ठेवलं. दूध संपलं होतं. आम्ही कोराच चहा प्यायलो. परतीची एसटी चारला होती. नको म्हटलं तरी माझं ऐकलं नाही, स्टँडपर्यंत पाय ओढत सोडायला आले.