अंजनीच्या पानाला कौल

आमचे सर देवाला मानत नाहीत, पण देवाकडून काम काढून घ्यायला त्यांची ना नसते. वेल्ह्याकडच्या माझ्या गावच्या देवराईत पान तोडायची चाल नाही. वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. सरांना मात्र तिथल्या अंजनीची ताजी पानं हवी होती. पानाच्या आत, झाडाला काही त्रास न देता, बुरशी राहते. तिच्यातल्या काही जाती जिवाणू मारणारं द्रव्य बनवतात. ते शोधायचं श्रेय सरांचं आणि राबायचं काम माझं, कारण मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी.

गुरवानं कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार. डावं पडलं. सर म्हणाले, "परत लावा, वाऱ्यानं पडलं असेल." परत डावंच. उजवं पडेपर्यंत त्यांनी त्या बिचाऱ्याला सोडलं नाही. प्रयोगशाळेतही त्यांची हीच रीत आहे. मग हात जोडले आणि खिशातून कात्री काढली.

पुण्यात मी पानं स्पिरिटनं आणि ब्लीचनं धुतली, म्हणजे वरची घाण मरावी. तुकडे काचेच्या बशीत ठेवले. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून पांढरी बुरशी बाहेर आली. ती वेगळी वाढवून जिवाणूंच्या बशीत ठेवली, तर तिच्याभोवती जिवाणू वाढलेच नाहीत. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण बशीतले जिवाणू फिनेलनंही मरतात. त्यातून औषध व्हायचं तर माणसाची उमर जाते. एवढा दम सरांना कुठला! त्यांनी पेपरवाल्याला बोलावलं आणि बातमी आली, देवराईच्या पानात रामबाण औषध. बुरशी बातमीतून गायब. फोटोत सर, हातात पान, चेहऱ्यावर ऋषीचा भाव.

गावात माझी आत्या राहते. तिला साखरेचा आजार. भातलावणीत तिच्या पायाच्या अंगठ्यात काच गेली होती. फोनवर रोज "बरं हाय" म्हणायची. शेवटी मी गेले, तर पायाला फडकं, फडक्यात हिरवा लगदा आणि घरभर वास.

"हे काय लावलंस?"

"अंजनीचा पाला. तुज्या सायबानं न्हेला त्योच."

"आत्या, औषध पानात नाही गं. आतल्या बुरशीत आहे, आणि तेही अजून..."

"मग देवानं कौल कशापायी दिला? आजवर कुनाला दिला न्हवता. पानात काय असल्याबिगर दील का?"

पेपर तिनं पाहिलाही नव्हता. पान तोडायची परवानगी म्हणजे पान लावायची आज्ञा, असा अख्ख्या गावानं अर्थ काढला होता. मोबाईलवर जगाच्या गप्पा मारणारे शहाणेही त्यात होते. भोरला जायला एस.टी. होती, पण एकालाही तिला दवाखान्यात न्यायचं सुचलं नाही. मला सगळ्यांची किळस आली.

मी तिला भोरच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्यांनी पुण्याला पाठवलं. जीव वाचवायचा तर अंगठा काढावा लागणार होता. सुट्टी मागायला मी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी लाज वाटेल.

"त्या जखमेतला पू मिळेल का?" ते म्हणाले. "इतका चिवट जिवाणू विकत मिळत नाही. आपली बुरशी त्याच्यावर लावून बघू."

मी इतकी संतापले होते की खाटेपाशी येऊन ते आत्यालाच सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पू कशाला?" ती म्हणाली. "उद्या आख्खा अंगठाच काढत्यात. त्योच दे सायबाला. कुनाला तरी गुन येऊ दे."

ती चेष्टा करत नव्हती. मला तिथंच रडू कोसळलं.