भिंतीवरचे तीन उंदीर

मला रद्दीचा नाद आहे. बायको त्याला रोग म्हणते. औरंगाबादला पेपर तपासायला गेलो की येताना पिशवीत काहीतरी जुनंपानं असतंच. असंच एकदा शिवण उसवलेल्या एका इंग्रजी पुस्तकाची तीन सुटी पानं हाती लागली. शंभरेक वर्षांपूर्वीची असावीत. एकावर घरातला उंदीर, दुसऱ्यावर रानातला, तिसऱ्यावर घूस. रंग हातानं भरलेले, मिशीचा केस न् केस सुटा काढलेला, खाली तिरप्या अक्षरांत लॅटिन नाव. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. मला राहवलं नाही. बीडमधल्या फ्रेमवाल्या चाचांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सर, लोकं ह्येला मारायचं औषध नेतेत, अन् तुमी काच बसवायलात," ते म्हणाले. मी हसलो. तिन्ही फ्रेमा बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर ओळीनं लावल्या.

चार महिन्यांनी माय डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आली आणि माझं हसू आटलं.

त्याला कारण होतं. मी सहा-सात वर्षांचा असताना, भूकंपानंतरच्या वर्षी, आमच्या गावात उंदीर पडायला लागले होते. पडायला म्हणजे आढ्यावरून खाली, माणसांदेखत, मरून. उंदीर पडला की घर सोडायचं, असं जुनी माणसं सांगायची. मायनं आम्हा दोघा भावंडांना घेऊन शेतात ताडपत्रीखाली दिवस काढले. तिथंच बहिणीच्या काखेत गाठ आली. गोळ्या-इंजेक्शनांनी ती वाचली. गाठ कशाची होती ते आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. पण तेव्हापासून माय त्या प्राण्याचं नाव घेत नाही. 'ते' म्हणते. चतुर्थीला लिंबागणेशच्या देवळात गेली तरी गणपतीच्या पायाशी नजर जाऊ देत नाही.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा आधी, डावा महिन्याभरानं, असं ठरलं होतं. डावाही पिकलाय, टाळलात तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला गावाहून, नांदूरघाटहून, इथं बीडला आणायलाच मला दोन वर्षं लागली. एकदा बिथरून गावी गेली तर ती परत यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग फ्रेमा आधीच काढून का नाही ठेवल्या? विसरलो. खरंच विसरलो. रोज दिसणारी वस्तू डोळ्याला दिसेनाशी होते. माय दारातून आत आली, चपला काढल्या, आणि समोरच्या भिंतीवरचे तीन धूसर चौकोन बघून थांबली. आमच्याकडे काचेत बसतात ते एक तर देव नाही तर वारलेली माणसं.

"देव हायेत का रं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिनं हात जोडले. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आली ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊनच. काच चाचपून, अंदाजानं मधोमध बोट टेकवलं. घरच्या उंदराच्या पाठीवर कुंकू, रानातल्याच्या पोटावर कुंकू, घुशीच्या बरोबर शेपटीवर. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. "आत्ताच सांगून टाका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "गणपतीचं वाहन आहे म्हणावं." मी तिच्यावरच डाफरलो. चोराच्या उलट्या बोंबा.

त्यानंतरचे आठ दिवस मी नीट जेवलो नाही. रोज सकाळी माय त्या भिंतीसमोर उभी राहायची, बहिणीचं नाव घेऊन तिच्या लेकरांसाठी काही मागायची, आणि मी पेपर तोंडापुढे धरून बसायचो. पेपरातलं एक अक्षर डोक्यात जात नसे. रोज वाटे, आज सांगावं. रोज आणखी एक बोट कुंकू चढे आणि सांगणं तेवढंच अवघड होऊन बसे.

ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या सकाळी मायला बायकोबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि मी चाचांकडून त्याच मापाच्या तीन तसबिरी आणल्या: दत्त, लक्ष्मी, बालाजी. घाईनं बदलून टाकल्या. उंदरांच्या फ्रेमा आतल्या खोलीत कपाटामागे सारल्या. सुटलो असं वाटलं.

माय काळा चष्मा लावून आली. दारातच चष्मा वर केला. "आगं माय, दत्त हाय व्हय हा!" म्हणत भिंतीजवळ गेली. खूप वेळ बघत राहिली. मग तिनं काचेवरून बोट फिरवलं.

"माझं कुंकू कुठं गेलं?"

"काच पुसली मी," मी म्हणालो.

"तू?" ती वळली. "पूजेतलं कुंकू कुणी पुसतंय का? अन् जल्मात कदी फडकं धरलंस का?"

मी काहीतरी पुटपुटलो. ती आत गेली, पिशवी ठेवायला. पिशवी ठेवायची तिची जागा कपाटाशेजारी, आणि मी घाईत फ्रेमांची कड बाहेरच ठेवलेली. मला आवाज आला तो काच फरशीला टेकल्याचा.

आत गेलो तर तिन्ही फ्रेमा तिच्यापुढे भिंतीला टेकवलेल्या. ती किंचाळली नाही, की पळाली नाही. घुशीच्या शेपटीवरचा तो कुंकवाचा थर नखानं खरवडत होती.

"माय, ही नुसती चित्रं आहेत," मी म्हणालो. "जुनी. तुला त्रास होईल म्हणून..."

"मला ह्येंचं भेव हाय, ते ठावंय तुला," ती म्हणाली. "ते जाऊ दे. तू तिथं बसून बघत व्हतास ना रोज? मी हात जोडायची, लेकीसाठी मागायची, अन् तू बघायचास. कावून बोलला न्हाईस?"

भीती वाटत होती म्हणून, हे खरं होतं. पण ते तोंडून निघेना. लाज एवढी वाटली की तिच्या त्या ताज्या डोळ्याकडे मला बघवेना.

संध्याकाळी तिनं पिशवी भरली. मी पाया पडलो, माफी मागितली, डॉक्टरांचं नाव काढलं, डावा डोळा जाईल म्हणून अक्षरशः रडलो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, थेंबांची बाटली पदराच्या गाठीला बांधली.

"डाव्याचं ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "एका डोळ्यानं तू दिसलास, लई झालं."