शॉकअपचा पाट

देवाने केलेली वस्तूसुद्धा आमच्या हिला कधी धड वाटली नाही, मग कंपनीने केलेली कुठून वाटणार? माणसाचे दोन्ही डोळे पुढेच का, एक मागे असता तर मांजराने पापलेट नेलं नसतं, असं ती बाजारात बसून बोलायची. मला तर लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिने नापास केलं. दुरुस्ती मात्र चाळीस वर्षं चालू ठेवली. शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर पालघरला वकिलाकडे तिच्या पेटंटचा अर्ज भरला आणि येताना बोईसरला स्कूटर थांबवून उभ्याउभ्या कांदाभजी खाल्ली. एवढंच. भजी तोंडात, पण तिचा डोळा चहावाल्याच्या गाळणीवर. "ह्या गाळणीला पाय हवे होते, म्हंजे ह्याचा एक हात मोकळा ऱ्हायला असता." चहावाला म्हणाला, "चाची, हाथ खाली दिखेगा तो सेठ उसमें झाडू देगा." ही इतकी हसली की भजीचा ठसका लागला. मग आमचं गाव दांडी येईपर्यंत मागच्या सीटवरून माझ्या पाठीत बोट खुपसत होती. "उद्या सकाळी. उद्या सकाळी जाऊबाईला बसवते."

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ कधीच गेला, ती आमच्या शेजारच्या दारात राहते. दोघी जावा मिळून बोईसरच्या बाजारात म्हावरं विकायच्या. मी तारापूरला कारखान्यात हेल्पर होतो. मी चौथीत शाळा सोडली, ही सातवीपर्यंत गेली, आणि त्या तीन यत्ता तिने मला जन्मभर ऐकवल्या.

घरात कुठल्या वस्तूला हात लावायची मला भीतीच वाटायची. गॅस बंद करायचं मी विसरतो म्हणून तिने माझ्या बाहेरच्या चपला गॅसच्या खटक्यात अडकवल्या. खटका बंद केल्याशिवाय चपला सुटत नसत. मी काय कमी, घाईच्या दिवशी अनवाणी ड्युटीवर गेलो. गेटवर वॉचमनने अडवलं, तर त्याला सगळं समजावून सांगायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच विचारतो, "काका, ते कसं बसवलं म्हणालात?" गाडीचा स्टँड वर न घेताच मी दोनदा आपटलो. तेव्हा तिने स्टँडला दोरी बांधून दुसऱ्या टोकाला चावी लावली. स्टँड खाली असला की चावी भोकापर्यंत पोचायचीच नाही! हे घेऊन आम्ही पहिल्यांदा पालघरच्या वकिलाकडे गेलो. पेटंटची कामं करणारा माणूस, गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "बाई, नव्या गाड्यांत अशी सोय आलेली आहे. स्टँड खाली असला तर इंजिन चालू होत नाही."

"मंग त्यांनी माझी बघून केली असल."

"अहो, त्यांना दांडी कुठे आहे तेसुद्धा माहीत नसेल."

"म्हनून तर विचारायला आले नाय."

हरेल ती ही कसली! पुढच्या खेपेला कुकरचं चाक. शिट्टीच्या तोंडासमोर प्लास्टिकचं दातेरी चाक, एक शिट्टी झाली की एक दात पुढे, तीन दात झाले की खाली ताटलीत चमचा पडायचा, टण्ण! माणूस अंगणात असला तरी ऐकू यावं. काय चालायचं ते चाक, देवाशपथ! मी कामावरून आलो की चमचा पडायची वाट बघत बसायचो. एकदा कुकरचं रबर गेलं आणि वाफ अशी सुटली की चाक जत्रेतल्या पाळण्यासारखं गरगरलं. हिने कुकर उतरवला, कच्ची डाळ माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "चाक बरोबर हाय. डाळच खोटं बोलते."

वकील ते चाक बघून खुर्चीतून उठला. "बाई, हे नवीन आहे! कोणाला दाखवलं नाही ना?"

"दाखवलं? वाटलं की! आख्ख्या आळीला."

वकील परत खाली बसला. आमच्या घरची रीत अशी की होडीवरून म्हावरं आलं की आधी शेजारी वाटा जातो, मग आपली चूल पेटते. हिने चाकाचंही तेच केलं. वकील म्हणाला, लोकांत आधीच फिरलेली वस्तू नवी धरत नाहीत, आधी अर्ज, मग वाटप. ही चिडली. "लपवून ठेवायची तर केलीच कशाला?" पण येताना गाडीवर एक शब्द बोलली नाही. मी दोनदा मागे वळून बघितलं, पडली की काय. घराशी उतरल्यावर म्हणाली, "माज्या नावाचे कागद किती? रेशनचा अन् मतदानाचा. मी केलेल्या वस्तूचा एक तरी पायजे."

मग तिने पाट केला. बाजारात खाली बसून बसून त्या दोघींचे गुडघे गेले होते. टोपली संपली की जाऊबाई म्हणायची, "खांदा दे गे," आणि हिच्या खांद्यावर भार टाकून, आई आई करत उठायची. ते बघून हिने भंगारातून जुन्या स्कूटरची शॉकअप आणली. शॉकअप म्हणजे चाकावरची ती स्प्रिंग, खड्डा खाते ती. ती बसवली पाटाखाली. पाटावर बसायचं, खिट्टी लागते. उठायच्या वेळी पायाने खिट्टी सोडायची, की पाट वर येतो आणि माणसाला उभं करतो. पहिला बसलो मी. खिट्टी सोडली आणि सरळ मसाल्याच्या फळीवर गेलो! कंपनीत इतकी वर्षं मिळाली नाही ती बढती मला एका झटक्यात मिळाली. अंगभर हळद. ही पोट धरून हसते आणि वर म्हणते, "वर तर गेलात ना? म्हंजे चालतं."

मग तेल असलेली चांगली शॉकअप शोधली, आणि पाट असा हळू वर यायला लागला, जशी भरतीला होडी उचलते. अरे काय सांगू! मी लागोपाठ दहा-बारा वेळा बसलो. "उठा आता, भाकऱ्या करायच्या हायत." "उठतोय की, तेच तर करतोय!" दोन म्हातारी माणसं, आळीपाळीने बसतोय आणि उठतोय, लहान पोरांसारखी.

पण दाखवायचं कोणाला नाही. कागद व्हायला चार महिने गेले. पाट खाटेखाली, वर गोधडी. जाऊबाई आमच्या दारात बसून विचारायची, "कसला गे खटखटाट?" ही सांगायची, "ह्यांची कवळी नवी हाय." ती खो खो हसायची आणि मग हिच्याच खांद्याला धरून उठायची. ही ओठ दाबून खांदा द्यायची. मी एकदा म्हटलं, "बसव की तिला, ती काय सरकारला सांगणार?" म्हणाली, "ती नाय सांगनार. पन ती टुणकन उठली तर आख्खी आळी इचारल." चार महिने तिने खांदा दिला आणि तोंड मिटून ठेवलं. वाटल्याशिवाय घास न गिळणारी बाई ती.

म्हणून त्या दिवशी वकील म्हणाला, "झालं, आता बिनधास्त दाखवा," तेव्हा तिला काय करू नि काय नको असं झालं होतं. घरी आलो. दिवेलागणीला भिंतीला टेकून कालवणासाठी करंदी सोलत बसली. "जरा पानी द्या." मी तांब्या घेऊन येईपर्यंत गेलीसुद्धा. हातातली करंदी अर्धी सोललेली.

सकाळी घर बायांनी भरलं. जाऊबाई तिच्या उशाशी जमिनीवर बसली होती. हार आला, तो घ्यायला ती उठायला गेली, आणि सवयीने तिचा हात बाजूला गेला. तिथे खांदा नव्हता. हात तसाच हवेत राहिला.

मी खाटेखालून पाट काढला, गोधडी फेकली. "वहिनी, ह्याच्यावर बस." बायांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दोघींनी धरून तिला बसवली. मी म्हटलं, "पायाखाली खिट्टी हाय, दाब." तिने दाबली. पाट हळूहळू वर आला आणि ती उभी राहिली, कोणालाही न धरता.

जाऊबाईने पाटाकडे बघितलं, मग हिच्याकडे. "मेले, कवळी म्हनत व्हतीस ना!" आणि तेव्हा कुठे ती रडली.

मग एक आली, दुसरी आली. गुडघे कोणाचे धड होते? रडता रडता बसत होत्या आणि उठत होत्या. आळीला वाटा गेला एकदाचा.

सगळ्यात शेवटी मी बसलो. बाहेरून हाक आली, "चला, उचलायचं हाय." मला उठवेना. मग पायाने खिट्टी सोडली.